रिळावरची मोट

“माझ्या तोंडाकडं काय बघता गं पोरींनो? बैलांच्या पायाकडं बघा. गानं तितं हाय.”

सहादेव आबांचं हे बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. ते आपल्या विहिरीच्या धावेवर उभे होते. विहिरीच्या काठापासून खाली उतरत गेलेली बैलांची वाट, तिला आमच्याकडे धाव म्हणतात. आमच्या शाळेच्या मुली बांधावर ओळीनं बसल्या होत्या, आणि संगीताचे कुलथे सर मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन धुळीतच फतकल मारून बसले होते. मुलींनी आबांच्या तोंडाकडे पाहिलं नाही आणि बैलांच्या पायांकडेही नाही. त्या टेपवरची दोन रिळं कशी गरगर फिरतात तेच बघत राहिल्या. आमच्या गावानं ते यंत्र पहिल्यांदाच पाहिलं होतं.

एकाहत्तर सालच्या थंडीतली ही गोष्ट. तिसगावपासून दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. मी शाळेत लहान मुलांना शिकवायची आणि मुलींच्या प्रार्थनेला पेटी धरायची. गावात बहुतेकांच्या विहिरींवर इंजिनं आली होती. मोट उरली होती ती एकट्या आबांची. कुलथे सर श्रीरामपूरकडचे, तरुण, भारी उत्साही. ते म्हणायचे, “बाई, पुस्तकातलं सारेगम पोरींना परकं वाटतं. ज्या गाण्यानं यांच्या घरात भाकरी येते ते गाणं शिकवलं पाहिजे. आणि तेही खुद्द गाणाऱ्याच्या गळ्यातून.” शाळेकडे यंत्र नव्हतं. सरांनी ते स्वतःच्या पगारातून घेतलं होतं.

आबांनी मोट सुरू केली. हरण्या आणि मोऱ्या ही त्यांची जोडी. बैल धावेवरून खाली गेले की मोट भरून वर यायची आणि पाणी पाटात पडायचं. मग बैलांनी उलट पावली, मागं मागं सरत विहिरीकडे यायचं, म्हणजे रिकामी मोट खाली जाते. जनावराला पाठीमागचं दिसत नाही. मागं विहीर आहे हे त्याला ठाऊक असतं. तरी ते सरतं, कारण धन्याचा आवाज त्याला सांगतो, ये, मी आहे. आबा गात होते:

“मागं सर रं हरण्या, सर मोऱ्याच्या जोडीनं,
पाताळाचं पानी वर आनू आपल्या गोडीनं.”

ओळ संपली की मोट बुडेपर्यंत आबा तोंड मिटून घशातल्या घशात हुंकार घोळवत ठेवायचे. म्ऽऽऽ, असा. तो थांबला की बैल आपसूक खाली निघायचे. त्यांना ना चाबूक लागायचा ना हाक.

शाळेत आल्यावर सरांनी रीळ ऐकलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “गाणं केवढंसं, आणि हे घूंऽऽ घूंऽऽ मध्ये केवढं! नगरच्या स्पर्धेत वेळ मोजून मिळतो, बाई.” त्यांनी दाढीचं पातं घेतलं, हुंकाराचे तेवढे तुकडे कापून काढले आणि ओळीला ओळ चिकटवून टाकली. ते तपकिरी चकचकीत तुकडे मुलींनी वेण्यांना बांधले. आठवडाभर वर्गात सगळ्यांच्या रिबिनी चमकत होत्या.

मुली ते गाणं टेपवरून शिकल्या. टेप थांबवायची, एक ओळ म्हणायची, पुन्हा टेप लावायची. इतकं नेमकं की आबांचा गावरान हेलसुद्धा त्यांच्या गळ्यात उतरला. नगरला बक्षीस मिळालं. गावात सत्कार झाला तेव्हा आबा पागोटं बांधून आले, ऐकून मान डोलावली, आणि सरांना म्हणाले, “सर, पोरी लई ग्वाड गात्यात. पन एक सांगू का? माझं बैल उभं ऱ्हायचं न्हाईत ह्येच्यावर.”

सगळे हसले. सरही हसले. आबांना चेष्टा करायची सवयच होती.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीचंही वर्ष कोरडंच गेलं होतं. ज्येष्ठात आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ओसरीवर बाज टाकली होती, तीवर ते पडून असायचे. डावा हात तेवढा हलायचा आणि घशातून नुसता आवाज निघायचा. एकुलता मुलगा श्रीमंत लहानपणीच श्रीरामपूरकडे मामाकडे गेलेला, साखर कारखान्यावर हंगामी कामाला होता. बापाचं कळल्यावर तो परत आला. त्याची बायको मुक्ता मात्र लग्न झाल्यापासून इथेच. दोन लहान पोरं, सासरा आणि शेत, सगळं तिच्याच अंगावर.

कार्तिकात कोयत्याच्या टोळ्या निघायला लागल्या. आमच्या भागातली निम्मी घरं दरसाल ऊसतोडीला जातात, त्या साली तर सगळीच चालली होती. मुकादम मुक्ताच्याही दारात येऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी तुळशीला पाणी घालत होते. पाणी कसलं, पळीभर. नेम मोडायचा नाही म्हणून तेवढंच.

“बाई, आमी कोयत्याला गेलो तर आबांचं काय हो?” ती म्हणाली. “गाडीत न्यावं तर वाटंतच जात्याल. हितं ठेवावं तर कुनापाशी? सगळं गाव रिकामं व्हतंय.”

“मग?”

“हे म्हनत्यात, हीर खंदू. आजून पुरुसभर खाली गेलं की झरा लागंल. आबांनीच म्हनलं हुतं मागं, खाली वल हाय म्हून. पानी लागलं तर जायची गरज न्हाई.” मग तिनं पदर पुढे ओढला. “पन बैल मागं सरंनात. ह्यांनी दोन दिस वरडून बघितलं, चाबूक बी दाखवला. खाली जात्यात, पन हिरीकडं पाऊल टाकत न्हाईत. त्यांना आबांचं गानंच पायजे. शाळेच्या डब्यात हाय म्हनं त्ये गानं.”

विहीर खोल करायची म्हणजे तळाशी माणसानं दगड-मुरूम फोडायचा, लोखंडी डोलात भरायचा, आणि मोटेच्याच नाड्यानं बैलांकडून तो डोल वर ओढून घ्यायचा. बैलांशिवाय ते काम होणारं नव्हतं.

“तू कधी आबांना मोटेवर बघितलं नाहीस का गं?” मी विचारलं.

“मी व्हय? मी वाफ्यात पानी धरायची, पार खालच्या अंगाला. वाऱ्यावर ओळ यायची तेवढीच. आनि सासरा गात आसताना सुनंनं तितं काय उभं ऱ्हायचं?”

सरांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. दुष्काळानं शाळा ओस पडली होती, मुली आईबापांच्या मागं गेल्या होत्या. सर म्हणाले, “बाई, याहून खरं शिक्षण कोणतं? गाणं जिथून आलं तिथेच परत चाललंय!” ते रोज संध्याकाळी टेप लावून द्यायचे. परक्या पुरुषासमोर मुक्ता एकटी बसणार नाही म्हणून मीही बसायची. माझा एकभुक्ताचा नेम चालू होता, दिवसभराचं जेवण त्यानंतर. भूक लागलेली असायची, पण मुक्ताचा गळा ऐकताना ती विसरायला व्हायची. सरकारी कामावर दिवसभर खडी फोडून ती यायची, हातांना फोड, ओठ फाटलेले, आणि गायला लागली की आबाच वाटायची.

“मुक्ताबाई, तुम्ही तर माझ्या बक्षीसवाल्या पोरींच्या पुढे गेलात,” सर म्हणाले.

“बक्षीस नगं, सर. पानी लागू द्या.”

घरी ती सराव करायची ते चुलीपाशी, हलक्या आवाजात. पहिल्याच दिवशी ओसरीवरून आबांचा आवाज आला. तिची ओळ संपली की आबा घशातून म्ऽऽ म्ऽऽ करायचे आणि डाव्या हातानं बाजेची लाकडी माचवी बडवायचे. ती पुन्हा गायली की गप्प. ओळ संपली की पुन्हा तेच. त्या दिवशी मीही तिथे होते, आबांसाठी पेज घेऊन गेले होते. त्यांचे डोळे मोठे झाले होते, तोंडातून लाळ गळत होती. मुक्ता भिऊन उठली.

“आबांना राग आला, बाई. सून गाती, त्ये बी मोटंवरलं. बापय मानसाचं गानं.”

श्रीमंत अंगणात पहारीला धार लावत होता. तो बाहेरूनच बोलला, “आगं, म्हातारं आयुष्यभर कुनाला त्या बैलांना हात लावू देत नव्हतं. आता तर तू त्येंचा आवाजच चोरलास! वरडंल न्हाई तर काय पेढं वाटंल?”

“आवं, जरा हळू. ऐकत्याल.”

“ऐकू दे. आबा, पानी लागलं की पयला तांब्या तुमालाच, बरं का!” तो हसत म्हणाला.

आबांनी मान जोरजोरात हलवली. सगळ्यांनी ती नकाराची समजली. मुक्तानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, “आबा, माफी करा, तुमच्यासाठीच चाललंय.” त्या दिवसापासून ती घरात गायलीच नाही. मोठ्यांचा मान राहावा म्हणून लांब, गोठ्याच्या पलीकडे जाऊन गायची, जिथून आबांना ऐकू जाणार नाही. तिनं योग्यच केलं असं मला तेव्हा वाटलं. आमच्यातली कुठलीही सून असंच वागली असती.

मार्गशीर्ष लागला आणि खोदाई सुरू झाली. मुक्तानं धावेवर उभी राहून पहिली ओळ म्हटली तेव्हा मी आणि सर बांधावर होतो. हरण्यानं कान टवकारले. मग दोघं बैल एकदमच, एक एक पाऊल मागं सरायला लागले. कुलथे सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रीमंत विहिरीच्या तळातून ओरडला, “आगं मुक्ते, आबा उठलं काय?”

बैल काठाला आले, डोल तळाला गेला. डोल भरेपर्यंत मुक्ताचा भाऊ कानिफनाथ दोन्ही बैलांची वेसण धरून उभा राहायचा. बैल सारखे पुढे रेटायचे, पाय आपटायचे. कानिफ अंगानं दांडगा, तो त्यांना रेटून धरायचा आणि कुरकुरायचा, “आक्का, तुजं बैल लई उतावळं झाल्यात. आबांच्या येळी गरीब हुती.” श्रीमंतनं खालून हाळी दिली की कानिफ वेसण सोडायचा आणि बैल सुटल्यासारखे धावेवरून खाली जायचे.

काम चांगलं चाललं. मुरूम संपून काळा दगड लागला, आणि एक दिवस डोलात आलेला दगड एका बाजूनं ओला होता. मुक्ता तो दगड पदरात गुंडाळून आबांना दाखवायला घेऊन गेली. तिनं त्यांचा डावा हात त्याच्यावर ठेवला. आबा रडले.

पण कानिफनाथनं मुकादमाची आगाऊ उचल आधीच घेतली होती, त्याची टोळी निघाली. “आक्का, दोन दिसाचं काम ऱ्हायलंय, करा दोघं,” असं म्हणून तो ट्रकमध्ये चढला. गावात दुसरा बैल धरणारा माणूस उरला नव्हता. सर म्हणाले मी येतो, पण त्यांना तालुक्याला शाळेच्या कामानं जावं लागलं. ओला दगड निघालेला, आता कोण थांबणार? नवरा-बायकोनं दुसऱ्या दिवशी दोघांनीच काम धरलं.

पुढचं मला मुक्तानं सांगितलं, आणि एकदाच.

तिनं गाऊन बैल मागं घेतले. डोल तळाला गेला. मग ती पुढे जाऊन वेसणी धरून उभी राहिली. बैल तिला रेटायला लागले. ती अंगानं केवढीशी. म्हणून तिनं पुन्हा गाणं सुरू केलं, तसे बैल थांबले. तिला बरं वाटलं. ती गात राहिली, ओळीमागून ओळ, टेपवर होती तशी, कुठे खंड न पाडता. खाली श्रीमंत दगड भरत होता. एकदा तो काहीतरी बोलला. काय ते तिला ऐकू आलं नाही. हाक आनंदाची वाटली. झरा फुटला की काय, असं तिच्या मनात आलं.

नवरा काय म्हणतो ते ऐकायला ती गायची थांबली.

बैल निघाले. वेसण तिच्या हातातून सुटली, तळव्याची साल घेऊन गेली. डोल अर्धाच भरलेला होता, वरचा मोठा दगड अजून नीट बसवलेला नव्हता, श्रीमंतचा एक हात त्याच्यावर होता. डोल वर उचलला गेला, कडेला आपटला, कलला.

आम्ही गावात उरलेले पोचलो तेव्हा विहिरीच्या तळाशी खरोखरच पाणी दिसत होतं. वीतभर. ते लाल झालं होतं.

श्रीमंतला वर काढायला शेजारच्या वाडीतून माणसं आणावी लागली. त्या बैलांना कुणी हात लावेना. “बैलांनी धनी खाल्ला,” असं लोक बोलायला लागले. दहन झालं. कुलथे सर तालुक्याहून रात्रीच परतले होते. ते स्मशानात एका कडेला उभे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून भावकीतली आणि शेजारच्या वाडीची माणसं घरी आली. अंगणात गर्दी झाली, बाया रडत होत्या, आणि त्या गोंगाटाला बिथरून हरण्या-मोऱ्यानं दावी तोडली. दोघं अंगणात घुसले. पोरं किंचाळली, माणसं काठ्या घ्यायला धावली, त्यानं जनावरं आणखीच उधळली. मुक्ताची धाकटी मुलगी बरोबर त्यांच्या वाटेत उभी होती.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. म्ऽऽऽ. तोंड मिटून, घशातल्या घशात.

बैल उभे राहिले. चित्रातल्यासारखे. शेपटीसुद्धा हलली नाही. मी जाऊन मुलीला उचललं. आबांचा श्वास संपला, हुंकार तुटला, तशी दोन्ही बैलांनी पाऊल उचललं. आबांनी पुन्हा धरला. बैल पुन्हा थांबले. कुणीतरी येऊन त्यांना दावी लावेपर्यंत आबा धापा टाकत, डोळे पांढरे करत, हुंकार भरत राहिले.

मुक्ता चुलीपाशी बसली होती, ती उठून ओसरीवर आली. तिनं आबांकडे पाहिलं. आबांनी डाव्या हातानं माचवी बडवली, दोनदा, तशीच, जशी ती गात असताना बडवत होते. म्हातारा रागावला नव्हता. वाचा गेली होती, पण हुंकार उरला होता, आणि तो रोज सुनेला सांगत होता की ओळ संपली की इथे हे कर. आम्ही त्याला मान दिला, आणि त्याच मानापायी त्याच्यापासून लांब गेलो.

मुक्ता रडली नाही. ती आबांच्या पायापाशी बसली, कपाळ उघडं, पदर खाली पडलेला, तो तिनं सावरलाही नाही. सासऱ्यासमोर ती तशी कधी बसली नव्हती. ती म्हणाली, “शिकवत हुता व्हय, आबा?” आबांनी डोळे मिटले.

कुलथे सर दारातच खांबाला धरून उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “मुक्ताबाई,” ते म्हणाले, “रिळावर होतं ते. हेच होतं. मी कापलं. पात्यानं कापून टाकलं. मला वाटलं, ते गाणं नाही.”

गर्दीतला एक जण पुढे झाला. “तुमचं मास्तर लोकांचं नसतं कौतुक! मानूस गेला की हो!” दुसऱ्यानं सरांची गचांडी धरली. सरांनी हातही वर केला नाही.

“सोडा त्यास्नी,” मुक्ता म्हणाली. आवाज इतका हळू की त्या माणसाला वाकून ऐकावं लागलं. “सर, त्ये गानं आनि कुनाकडं हाय?”

सरांना कळेना. मग त्यांचे ओठ हलले. “बक्षीस मिळाल्यावर मी... तीन शाळांना प्रती दिल्या. एक तिसगावजवळ, एक संगमनेरकडे, एक श्रीरामपूरला, माझ्याच जुन्या शाळेत.”

“आसंच? कापल्यालं?”

“असंच.”

“तितं बी हिरी खंदत आसत्याल लोक. सगळीकडंच खंदत्यात औंदा. कुनाचं तरी म्हातारं गेलं आसंल, कुनाचं बैल आडलं आसंल. माझ्यावानी एखादी जाईल शाळंत, मला त्ये गानं शिकवा म्हनंल. सर, कागुद धाडू नका. कागुद वाचत न्हाईत लोक. तुमी सोता जा. समूर बसून सांगा, ह्यात काय न्हाई त्ये. आनि आबांचा हा आवाज आसा ऱ्हातो, म्हून करून दावा. द्या मला शब्द.”

“जातो,” सर म्हणाले. “शब्द देतो.”

“जमंल तुमाला?”

सर चपला काढून ओसरी चढले, आबांच्या बाजेपाशी खाली मातीवर बसले. त्यांनी टेप आणलेला नव्हता. आबांनी डोळे उघडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग घशातून हुंकार भरला. सरांनी तोंड मिटून तसाच भरून पाहिला. आबांनी मान हलवली, नाही. पुन्हा भरला. सरांनी पुन्हा. दिवस उतरेपर्यंत ते दोघं तसेच बसले होते. माणसं एकेक करून निघून गेली. मुक्ता दावणीला बैलांजवळ उभी राहून त्यांच्या पायांकडे बघत होती, आणि कुठला हुंकार त्यांना थांबवतो, कुठला नाही, ते न बोलता हातानं सरांना दाखवत होती.

कोयत्याच्या शेवटच्या टोळीबरोबर मुक्ता जाणार हे आता ठरल्यासारखंच होतं. विहिरीतलं ते वीतभर पाणी प्यायला कुणाचा जीव धजत नव्हता. आबांना मी माझ्याकडे आणीन असं मी तिला सांगितलं. ती नुसती मान हलवून “बरं” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून अंगण झाडलं, देवापाशी दिवा लावला आणि पळीभर पाणी घेऊन तुळशीपाशी आले. फटफटत होतं. समोरच सरांची भाड्याची खोली होती, तिचं दार उघडलं. कुलथे सर बाहेर आले, खांद्याला एक कापडी पिशवी, बाकी काही नाही. त्यांनी सायकल भिंतीपासून उचलली. आबांना, पोरांना, कुणालाच जाग येऊ नये म्हणून तिचं मागचं चाक हातानं उचलून धरून ती गल्लीतून ढकलत नेली. ते तोंड मिटून हळूच काहीतरी घोळवत होते. मुक्ताच्या घरावरून जाताना ते थांबले नाहीत. वेशीबाहेर गेल्यावर सायकलवर बसले आणि तिसगावच्या रस्त्याला लागले.